घर पाहावं चालून

एजंट म्हणाली, सगळं सात मिनिटांवर.
बेकरी, औषधांचं दुकान, न्हावी, बाग.
पायी, मॅडम, पायी,
आणि नकाशावर नखाने एक गोल काढला.

म्हटलं, बघते.
जुलैतल्या एका मंगळवारी
दुपारी अडीचला, छत्री न घेता निघाले.
मी अकोल्याची. पंचेचाळीस डिग्री आम्ही
पाहुण्यांना कौतुकाने सांगतो.

एकोणीस वर्षं शारजात काढली
आणि शारजा पायाखालून गेलीच नव्हती.
तळघरातून तळघरात,
यशोधनच्या गाडीत, त्याच्या उजव्या हाताला.
मला हे गाव एक्झिटच्या आकड्यांनी पाठ.
लायसन्सच्या परीक्षेत पाच वेळा नापास झाले,
सहावा फॉर्म आणला तेव्हा तोच म्हणाला,
राहू दे गं, मी आहे ना.

मार्चमध्ये डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत
यंत्रावर त्याची हनुवटी टेकवली.
ठिपका दिसला की बटण दाबा.
बाहेरच्या पडद्यावर मला दिसत होतं,
ठिपका आला, ठिपका गेला,
कडेचे सगळेच गेले,
आणि तो शहाण्या मुलासारखा
बटणावर अंगठा ठेवून बसला होता.

गाडी विकली. तिचे आले ते
पहिल्या हप्त्यात घालायचे ठरले.

म्हणून दारापासून मोजत निघाले.
बेकरी तीनशे बारा पावलं, पण ती माझी,
त्याची दोनशे सत्तर धरावीत.
दोन पायऱ्या, एक उतार,
आणि फुटपाथच्या मधोमध एक लोखंडी खांब,
ना दिवा, ना पाटी,
कशासाठी पुरलाय कुणास ठाऊक.
गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवल्यात इथे,
या भिंतीची सावली त्या भिंतीला मिळावी म्हणून.
अडीचला ती जेमतेम हातभर.
तिच्यातून मी अंग चोरून गेले,
कुणाच्या सारवलेल्या अंगणाच्या कडेने जावं तशी.

येताना डोळे मिटून आले.
पाठीमागे भाजलेल्या तिळाचा वास,
मग कबुतरं,
मग एसीच्या पेटीची ऊन फुंकर उजव्या गालावर.
म्हणजे इथे वळायचं.
वळले, आणि खांब गुडघ्यात बसला.
झाडांना पाणी घालणारा शफिकुल
नळी घेऊनच धावत आला.
आपा, चक्कर?
नाही रे, घर घेतेय.
त्याला काय समजलं कोण जाणे,
त्याने नळी माझ्या पायांवर धरली.
पाणी चहाला चालेल इतकं कढत.

व्ह्यू कुठला, एजंटने विचारलं,
बागेचा की चौकाचा?
बागेचे चाळीस हजार जास्त.
यशोधन म्हणाला,
कुठल्या बाजूला लोक बोलत बसतात?
ती गडबडली. चौकात, म्हणाली.
मग चौक.
वर चाळीस हजार वाचले म्हणून
परतताना टॅक्सीत तो हसतच होता.

कागद अरबीत झाले.
पिंगळेतला प त्या लिपीत नाही,
ळ तर नाहीच नाही,
आणि ग चा ज झाला.
मालकी कायमची, असा शिक्का आहे,
ती बिंजली नावाच्या कुणा जोडप्याची.
त्यांच्या व्हिसाची मुदत
पुढल्या पावणेदोन वर्षांनी संपते.
दोन्ही कागद मी एकाच फायलीत ठेवलेत,
एकमेकांकडे पाठ करून.

नोव्हेंबरात राहायला आलो.
पहिल्या संध्याकाळी तो म्हणाला, पाव मी आणतो.
मी तिसऱ्या मजल्यावर, कठड्याला धरून, मोजतेय.
एकशे अठरा, एकशे एकोणीस,
ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही.
त्याने हात पुढे केला
आणि खांब तिथे होता.

आता जाता-येता तो खांबाला हात लावतो,
पाव गरम असेल तर जरा टेकतोही.
त्या उंचीवरचा रंग
थोडा उडालाय.