गुणक सोळा

दिवाळीपुऱ्याच्या नव्या कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात
मी दोन वर्षं सात महिने उभी होते
धोळकियासाहेबांच्या डाव्या हाताला, फायली धरून.

कमुबेन नटुभाई पढियार. वय चौतीस.
पादरा रोड, केमिकलचा टँकर, सकाळचे सहा-दहा.
व्यवसाय: घरकाम.
म्हणजे उत्पन्न नाही, म्हणजे ते गृहीत धरायचं.
साडेचार हजार धर महिन्याचे, साहेब म्हणाले,
जास्त धरलं तर विमावाले भांडत बसतात.
गुणिले बारा.
त्यातून एक तृतीयांश वजा,
बाई स्वतःवर खर्च करत असेल तो.
(मागच्या बाकावरून नटुभाई म्हणाला, स्वतःवर?
पण त्याची साक्ष संपली होती,
ते कुणी लिहून घेतलं नाही.)
उरलं त्याला सोळाने गुणायचं.
पाच लाख शहात्तर हजार.

सोळाच का?
साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. तक्त्यात आहे.
तक्त्यात का आहे?
दीकरी, तक्ता म्हणजे तक्ता. चहा सांग ने.

मी चहा सांगितला.
त्या दिवशी आणखी चार दावे होते:
एक अठरा, एक अकरा, दोन पंधरा.

बाबा बेलीफ होते, कोर्ट अजून न्यायमंदिरात भरायचं तेव्हा.
दार न उघडणाऱ्यांच्या दारावर समन्स लावायचे,
सायकलच्या पिशवीत खळीची डबी.
अर्थशास्त्रात एम. ए. करते म्हटल्यावर
त्यांनी एवढंच विचारलं, सनद परत द्यावी लागते?
नाही, ठेवता येते स्थगित.
मग हरकत नाही, म्हणाले,
जसं पुढची तारीख घेतात तसं.
आई फोनवर आत्याला सांगत होती,
हो ना, सहा वर्षं शिकून परत पहिलीत.

पहिलीतच.
सत्ताविसाव्या वर्षी डेरिव्हेटिव्ह,
आणि शेजारी निराली, एकवीसची,
मला दीदी म्हणते आणि माझ्या वजाबाक्या दुरुस्त करते.
पहिल्या ट्यूटोरियलमध्ये मी लिहिलं,
'प्रतिपक्षाचे म्हणणे असे की मागणी घटेल.'
वसावडा मॅडमनी लाल शाईत विचारलं, प्रतिपक्ष कोण?
वर्ग हसला. मीही हसले, जरा उशिरा.
काळा कोट आईने डांबराच्या गोळ्या घालून ठेवलाय.
अजून कुणी मोठ्याने नाव पुकारलं
की मी उठून उभी राहते.

इथे पुरावा म्हणजे चार हजार दोनशे घरं.
रकाना सहा: स्त्रीचं बिनमोल काम, तास.
एकाही घराला नाव नाही.
मला आधी ते वाचताच येईना,
मी प्रत्येक ओळीत अर्जदार शोधत होते.

फेब्रुवारीत, लायब्ररीत, घुमटावर पारवे घुमत असताना
सहज एक गणित केलं.
चौतीस ते साठ, सव्वीस वर्षं.
दरसाल एक रुपया. व्याज शेकडा चार.
आजची किंमत: पंधरा पूर्णांक अठ्ठ्याण्णव.

परत केलं. परत तेच.

साहेबांना फोन लावला: सोळा सापडले.
कुठले सोळा?
कमुबेनचे. तिच्या सव्वीस वर्षांतलं प्रत्येक पुढचं वर्ष
आज चार टक्क्यांनी स्वस्त धरलं, की येतात.
पलीकडे पंख्याचा आवाज. मग म्हणाले,
सारुं. आता ते एक तृतीयांश शोध.

ते नाही सापडत.
रकाना सहामध्ये नाही, अकरामध्ये नाही.
नटुभाई म्हणाला होता ते
कुठल्या रकान्यात भरतात, मॅडमना विचारलं.
त्या म्हणाल्या, हा प्रश्न लिहून ठेव,
यावर दोन वर्षं जातील.

काल पेपर होता. प्रश्न तिसरा:
इतर परिस्थिती कायम आहे असे गृहीत धरून स्पष्ट करा.
केलं. आकृती काढली, अक्षांना नावं दिली,
आणि समासात, पेन्सिलीने,
तपासणाऱ्याला कळणार नाही असं बारीक:
सहा-दहा.