डावरी गाठ

ड्रॅगनचं अंडं मी चोरलं होतं,
उश्बाच्या कपारीतून. कोमट,
नुकत्या जन्मल्या कोकराएवढं जड.
एका घोड्याच्या किमतीला विकलं.
मग ती आली आभाळ फाडत,
आणि बेखानच्या गवताच्या गंजीला लागलेली आग
त्याच्या लेकाला घेऊनच विझली.

एकोणीस वर्षं एकाच बुरुजात राहतो आम्ही भाऊ.
तो वरच्या मजल्यावर, मी खाली गुरांपाशी.
रात्री तो शिडी वर ओढून घेतो.

ती आता आंधळी झालीय.
घशात विस्तव उरला नाही, नुसती घरघर.
दर थंडीत मी हिमनदी चढतो,
पाठीवर खारवलेलं मांस.
ती माझे हात हुंगते.
ओळखते. तरी खाते.
याला क्षमा म्हणायचं की भूक,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदा पोचलो तर
तिच्या कुशीखाली वाळलं गवत अंथरलेलं.
एक पेंढी तशीच, बांधलेली.
दोरीची गाठ उलटी.
आमच्या घरात डावरा एकच.

गाठ सोडली नाही मी.
ओझं तिच्याशेजारी टेकवलं
आणि उतरलो.

बुरुजात शिडी खालीच होती.
मी लगेच चढलो नाही.
आधी गुरांना पाणी दाखवायचं होतं.