दोन पूर्णांक आठ

रबाळ्याला, एमआयडीसीत, जिथे पूर्वी
पुठ्ठ्याचे खोके छापायचे, त्या शेडमध्ये
आता काकडी लागते. माती नाही.
नारळाच्या भुशाच्या पिशव्या, काळ्या नळ्या
आणि हजार लिटरची निळी टाकी.
तिच्या झाकणावर माझं अक्षर :
लोह, मँगनीज, जस्त, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम.
यातलं झाडाला जे लागतं
ते चिमटीतून सांडतं तेवढंच.

अकरा तारखेला मी बोरिक पावडर तोलली.
वहीत माझ्याच हातानं लिहिलंय, २.८.
काट्यावर होतं २८.
केळुसकरांचा फोन आला होता मध्येच,
हजेरीबद्दल, की चहावाल्याच्या बिलाबद्दल,
आता आठवत नाही.

मीटर बुडवला. आकडा ठीक.
बोरिक पावडर विरघळली तरी वीज वाहत नाही,
म्हणून मीटरला ती दिसत नाही.
डिप्लोमाच्या परीक्षेत याच उत्तराला
मला दोन मार्क मिळाले होते.

झाडं पीत राहिली.
काकडी नाही म्हणत नाही.
पाण्यात जे असेल ते पाण्याबरोबर वर,
मुळातून खोडात, देठात, शिरेत,
आणि शीर संपते तिथे, पानाच्या कडेला,
पाणी वाफ होऊन निघून जातं.
बोरॉन राहतो.
त्याला परत फिरायला वाट नाही.
रोज थोडा, दुपारी पत्रा तापला की जास्त.

आधी खालची पानं गेली,
ज्यांनी सगळ्यांत जास्त दिवस पाणी ओढलं ती.
कड पिवळी, मग तपकिरी, मग पापडासारखी,
जशी कुणी उदबत्ती फिरवली असावी
पानाभोवती, सावकाश, बसून.

मला वाटलं, उपाशी आहेत.
पोटॅश कमी पडलं तरी कड अशीच करपते.
मी मिश्रणाचा आणखी एक डोस दिला.
रितेश म्हणाला, बुरशी असेल. फवारलं.
पानाकडे तक्रारीचे शब्द थोडेच,
तेच ते सगळ्यासाठी वापरतं.

घणसोलीला, घरी,
सासऱ्यांच्या ताटाशेजारी एक पान ठेवलं.
मोतीराम गोवारी, वय एक्याऐंशी.
खारातलं भात केलंय त्यांनी,
आमच्याच सोसायटीच्या पार्किंगखाली
जिथे त्यांची उघाडी होती तिथे.
चष्मा न लावता त्यांनी कड चाचपली,
मोडली, जिभेला लावली, थुंकले.
"झाराला जेवान नको. पानी सोर."
बाबा, हे मीठ नाही.
"नसंल. पन त्यानी जावाचा कुठं?
उघारी उघर आन नुसता पानी सोर."

रात्री शेडमध्ये मी नुसतं पाणी सोडलं.
पिशव्यांच्या तळाला भोकं मोठी केली.
चहाच्या रंगाचं पाणी गटारात, गटारातून नाल्यात,
नाल्यातून खाडीत.
स्टुलावर बसून हिशेब केला :
लिटरला पाच मिलिग्रॅम.
मोबाइलवर पाहिलं, समुद्राच्या पाण्यात
साधारण साडेचार.
म्हणजे बोरॉनपुरती मी त्यांना
खाडीच पाजत होते दोन आठवडे,
आणि म्हातारा जिभेनं
माझ्या मीटरच्या पुढे होता.

हा सहज सुटत नाही, भुशाला धरून बसतो.
चार रात्री लागल्या.
नवी पानं हिरवी आली, कडेपर्यंत.
जुनी सुधारली नाहीत, सुधारत नसतात.
रितेश म्हणाला, कापून टाकू,
शुक्रवारी साहेब येणार आहेत.
कापली.

वहीत २.८ वर रेघ मारली,
शेजारी २८ लिहिलं, तारीख, सही.
आणि एक करपलेलं पान तिथेच
चिकटपट्टीनं लावलं.
वहीपेक्षा ते थोडं मोठं आहे.
पान उलटलं की
पानाची कड मोडते.