रिकामी खाच

भिशी लागली बावीस हजारांची, नवव्या महिन्यात.
दोन शाळेच्या रिक्षाला आधीच गेले होते.
वीस घेऊन निघाले खासबागेतून खडे बाजाराला,
लॅपटॉप साडीच्या दुकानाच्या पिशवीत,
बंद हाताला कापत होते.

पत्रिका करायचा धंदा माझा.
डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड,
इकडे चि. सौ. कां., तिकडे चि. कुं. सौ.,
वर मधोमध गणपती, तो दोन्हीकडचा.
त्याला बोटभर सरकवला
की लॅपटॉप विचारात पडतो.
चक्र फिरतं. मी चहा टाकते.
चहा उतू जातो,
गणपती अजून सोंडेपर्यंतच आलेला.

पहिल्या दुकानात एसी होता.
पोरगा म्हणाला, हा घ्या, आय-थ्री, नवी पिढी,
अडतीस. हप्ते करून देऊ.
पिढी म्हणजे? मी विचारलं.
बारावी, तेरावी, तो मोजत गेला,
मग माझा पालथा करून बघितला.
सहावी, म्हणाला,
नापास पोराच्या आईशी बोलावं तसं, हळू.

पुढच्या बोळात बेंगळूरहून उतरलेले जुने.
आय-फाइव्ह, आठवी, एकोणीस हजार.
पाठीवर कुणाच्या तरी नावाची पट्टी, नखानं खरवडलेली,
‘श्रु’ एवढं राहिलेलं.
बॅटरीची ग्यारंटी?
बॅटरीची कोण देतंय हो, बाई.
मी त्या ‘श्रु’वर अंगठा ठेवून उभी राहिले बराच वेळ.
एकोणीस गेले तर उरतो एक.

बसलिंग हुक्केरी जिन्याखाली बसतो,
पाय पसरायलासुद्धा जागा नाही.
‘नोडरी अक्का,’ म्हणत त्यानं अकरा स्क्रू काढले,
बाटलीच्या टोपणात ठेवले.
आत शेजारच्या मागांचा तंतू,
पंख्याला गुंडाळलेला, राखाडी, मऊ.
फुंकर मारली तर दोघंही शिंकलो.

‘प्रोसेसर बदलत नसतोय ह्याचा, तो चिकटूनच आलाय.
खरं आचारी वाईट न्हाई हो.
ओटा बारका.
चार जीबीवर तुम्ही दोन दोन भाषा करून घेतलासा,
ह्यानं तरी काय करायचं?’
आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दाखवलं:
एका पट्टीच्या शेजारी
दुसरीसाठी खाच. रिकामी.
कंपनीतूनच तशी आलेली.

थोरलीच्या बारशाच्या वर्षी घेतला होता.
नऊ वर्षं ती तिथं होती,
आणि मी मशीनवर खेकसत होते.

आठची रॅम, ती महागलीय म्हणे,
एक एसएसडी, मजुरी, सगळं धरून सहा हजार दोनशे.
किती दिवस चालंल?
‘दोन वर्षं. तिसऱ्याचं मी बोलत न्हाई.’
एवढं सरळ उत्तर
दिवसभरात कुणी दिलं नव्हतं.
दोनशे मात्र मी कमी करायला लावले.

रात्री बेळवट्टीच्या लग्नाची पत्रिका उघडली.
सवयीनं चहा टाकून आले, गणपतीला धरलं,
तो माझ्या बोटाबरोबरच सरकला,
एवढ्या मुकाट्यानं
की मी त्याला परत मागं नेलं, परत पुढं.
धाकटा म्हणाला, आई, खेळतीस काय?

चौदा हजार डब्यात आहेत.
तरी निजताना तो आठवीचा आठवतो,
‘श्रु’वाला.
वेगानं चालला असता, कुणी सांगावं.
कूस बदलते.
भिंतीपलीकडे माग थांबलेत,
आणि स्वयंपाकघरातून करपल्याचा वास.
चहा.