सुट्टे

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा
त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता : सुट्टे.

पाणी हवं, सुट्टे.
उशी सरकली, सुट्टे.
मुलगा नाशिकहून आला, पायाशी बसून रडला,
त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवून म्हणाले,
सुट्टे, सुट्टे.

एकतीस वर्षं कात्रज डेपोला कंडक्टर.
किती वेळा म्हटलं असेल, सुट्टे द्या, सुट्टे काढून ठेवा.
डोक्यातली मांडणी कोसळली, सगळी भांडी फुटली,
ही एक वाटी तेवढी फळीवर राहिली.

डॉक्टर म्हणाले, गुठळी डाव्या बाजूला अडकली,
बोलणं तिथंच असतं.
मी विचारलं, मग उजव्या बाजूला काय असतं?
ते पुढच्या पेशंटकडे वळले होते.

उत्तर घेऊन आली अश्लेषा.
मंगळवार-शुक्रवार, साडेचारला,
स्कूटीच्या पुढ्यात मावेल एवढी पेटी घेऊन.
मी आधीच सांगून टाकलं, बाई, यांना गाण्याचं वावडं.
गणपतीत कानात कापूस घालून झोपतात.
अंगाईसुद्धा मीच म्हटली, तीही दार लोटून.
ती म्हणाली, गाणं शिकवायला नाही आले, काकू.
बोलण्याचा रस्ता खोदून ठेवलाय ना,
आपण वळसा घालून जाऊ.

खोदलेला रस्ता पुण्यात कुणाला समजावून सांगावा लागतो?
ते हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले.

दोनच सूर. एक खाली, एक वर.
च – हा.
डावा हात मांडीवर, अक्षरागणिक एक टपली.
आधी ती गुणगुणते, मग दोघं मिळून,
मग मधेच ती आपला आवाज काढून घेते,
सायकल शिकवणारा मागचा हात सोडतो तसा.
पहिले दोन महिने ते तिथंच पडायचे.
एकदा पेटी ढकलून दिली.
एकदा नुसतेच रडले, हुंदके देऊन,
आणि ती काही न समजावता
एक सूर धरून बसली, रडणं ओसरेपर्यंत.
त्या दिवशी शिकवणं झालंच नाही.
त्या रात्री त्यांना झोप लागली.

मग मलाच सुचलं.
माळ्यावरच्या डब्यातून त्यांचा तिकिटाचा पंच काढला.
निवृत्तीच्या दिवशी जमा करायला हवा होता, केला नव्हता.
आयुष्यातली तेवढीच एक चोरी.
डाव्या हातात दिला.
टक् टक्.
अश्लेषानं पेटी त्या ठेक्याला लावली.

स्वार – गेट.
टक् टक्.
लक्ष्मी – ना – रा – यण.
आवाज घोगरा, गंजलेला, पण शब्द अख्खा.
अर – ण्ये – श्वर.
समोरच्या भोंडवे वहिनी गॅलरीत आल्या.
ना – तू – बाग.
अश्लेषा कधी गप्प झाली, कळलं नाही.
गाडी एकटीच चालली होती.

पद् – मा – व – ती.

शेंगदाणे भाजत होते मी. करपले.

बेचाळीस वर्षांत 'अगं' आणि 'ऐकलंस का',
यापलीकडे त्यांनी मला हाक मारली नव्हती.
माहेरी ठेवलेलं, रेशनकार्डावर छापलेलं माझं नाव
पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आलं.
ते स्टॉप म्हणून की बायको म्हणून,
मी विचारलं नाही.
कंडक्टरला असलं विचारू नये.
पुकारलं की उतरावं.

गॅस बंद करून समोर जाऊन उभी राहिले.
त्यांनी पाहिलं. पंच थांबला.
ओठ जुळवले, बराच वेळ नुसतेच जुळवले,
आणि म्हणाले,
सुट्टे.

आहेत, म्हटलं.