नमुना क्रमांक सतरा

सतराव्या बाटलीवर मी गावाचं नाव लिहिलं नव्हतं.
बाकी सोळा काटोल-नरखेडकडच्या,
संत्र्यांच्या मुळांखालून उपसलेल्या.
ही आमच्याच ऑफिसमागच्या बोअरची,
शिमग्याच्या आठवड्यात, पंप सुरूच होता म्हणून भरलेली.
झाकण घट्ट. आत हवेचा एक बुडबुडा नाही.

धुर्वेकाका जीप उभी करतात, काठावर वाकतात,
विहिरीत खडा सोडतात आणि कान देतात.
"बारा मीटर. वर चार बोटं."
मग मी पोलादी टेप सोडते, खडू फासलेली,
वर ओढून ओला खडू वाचते :
बारा पूर्णांक शून्य सात.
ते हसत नाहीत.
"मोजून तं रायलो आपन, मॅडम.
भरून कोन रायलं?"

एका विहिरीत खडा नुसता खडखडला.
टॅबवरच्या रकान्याला आकडा हवा असतो,
'कोरडी' हा शब्द तो घेत नाही.
मी विहिरीची खोली लिहिली.
म्हणजे नोंदीत तिथं अजून पाणी आहे,
तळाशी,
कागदाइतक्या जाडीचं.

मे महिन्यात अहवाल आला. पारा सेहेचाळीस.
पाण्याचं वय म्हणजे
त्यानं शेवटचं आभाळ पाहिलं त्याला झालेली वर्षं.
एकोणतीस. बेचाळीस. अडुसष्ट.
एका बाटलीत माझ्या आजोबांच्या मुंजीच्या वर्षीचं.
आणि सतरावी :
तीन हजार दोनशे, अधिक-उणे दोनशे.

मी दशांशचिन्ह शोधलं. नव्हतं.

तेव्हा नागपूर नव्हतं, नाग नदीला नाव नव्हतं,
तहान होती, पण तिचा विभाग नव्हता.
पाऊस पडला असेल कुठल्याशा दुपारी,
खडकाच्या भेगेत उतरला असेल, न विचारता,
आणि अंधारात बसून राहिला असेल
आमचा पंप येईपर्यंत.

माझ्या पाठीमागे कूलर घरघरत होता.
डेझर्ट कूलर म्हणतात त्याला;
आमच्या शहरातलं वाळवंट एवढंच :
पत्र्याचं, चौकोनी, खिडकीला टेकवलेलं,
तीन बाजूंनी ओलं गवत,
दिवसाला दीडशे लिटर पिणारं.
पाइप त्याच बोअरचा.
माझ्या मानेवरचा गारवा
तीन हजार दोनशे वर्षांचा होता
आणि खिडकीबाहेर पडेपर्यंत संपत होता.

धुर्वेकाकांना सांगितलं.
त्यांनी पाइपाखाली ओंजळ धरली, एक घोट घेतला,
बराच वेळ तोंडात ठेवला.
"चव तं काल परवाचीच हाय," म्हणाले,
आणि ओंजळीत उरलेलं
झटकलं नाही, डोळ्यांना लावलं.

मी उठून कूलर बंद केला.
पलीकडून बोकडेसाहेब ओरडले, "लाइन गेली का?"
टेबलावरचे कागद हलायचे थांबले.
कोपराखाली अहवाल चिकटला, घामानं,
सतराव्या ओळीची शाई जराशी फुटली.

अकरा मिनिटं.
नंतर बटण पुन्हा मीच दाबलं.
वेळ लिहून ठेवली आहे :
दोन एकेचाळीस ते दोन बावन्न.
रकान्याला आकडाच हवा असतो.