अर्धा लिटर

बूट डिसेंबरात घेतले.
मार्च उजाडला तरी आत कोंबलेला कागद तसाच,
चपलांच्या स्टँडवर वरच्या फळीवर दोघे,
कुणी 'बसा' न म्हटलेल्या पाहुण्यांसारखे.

डॉक्टर कामेरकरांनी रिपोर्टवर
साखरेच्या आकड्याभोवती निळा गोल काढला.
चाला, म्हणाल्या.
चालतो, म्हटलं.
गजर लावला साडेपाचचा.
गजराचं आणि माझं चांगलं जमलं:
तो ओरडायचा, मी थोपटायचो,
दोघंही परत झोपायचो.

उत्साह येईल म्हणून थांबलो होतो.
सेक्टर सोळाच्या नाक्यावर रिक्षासाठी थांबावं तसा.
येतो, हात दाखवावा,
तर म्हणतो, तिकडे नाही जाणार.

मग एका रविवारी
वैजयंती माहेरी गेलेली असताना
मी दुधाचा रतीब बंद केला.

बाकी काही केलं नाही.
पोऱ्याला सांगितलं, उद्यापासून टाकू नकोस,
आणि नेरुळभर हिंडून
घरापासून सगळ्यात लांबचं दूध केंद्र हेरलं:
पाम बीचच्या अलीकडचं, लांडेंचं.
जाऊन-येऊन तीन किलोमीटर,
वर आमच्या सिडकोच्या बिल्डिंगचे चार जिने.

सोमवारी सहाला उठलो
ते काळजासाठी नाही.
चहासाठी.
माणूस मरणाला भीत असेल,
पण मरण उद्यावर ढकलता येतं.
चहा नाही येत.

वैजयंती आली. रतीब कुणी बंद केला?
महाग पडतो, म्हटलं,
महिन्याला साठ रुपये वाचतात बघ,
आणि कागदावर आकडे मांडून दाखवले.
सत्तावीस वर्षं मसाला मार्केटात जमाखर्च लिहिला,
एवढं खोटं सफाईने लिहिता येतं.
तिने कागद पाहिला. मग माझे बूट पाहिले.
काही बोलली नाही.

पोटऱ्या मात्र बोलत होत्या.
पहिला आठवडा जिना उतरताना
कठड्याला धरून, आजारी नातेवाईकाला नेतात तसं
मी मलाच खाली नेत होतो.
एक दिवस नाहीच गेलो.
समोरच्यांकडून वाटीभर दूध मागून भागवलं.
दुसऱ्या दिवशी लांडे हिशेब लिहिता लिहिता म्हणाला,
तुमची पिशवी नऊपर्यंत बाजूला ठेवली होती.
एवढंच. मान वर न करता.

त्या वाक्याने मला जितकं चालवलं
तितकं त्या निळ्या गोलाने नाही.

एकदा दुधाची गाडीच उशिरा होती,
म्हणून नुसता पुढे गेलो, करावे गावाच्या बाजूने खाडीपर्यंत.
ओहोटीच्या चिखलात रोहित पक्षी,
एकेका पायावर, घाई नसलेले.
जाळं खांद्यावर घेतलेली एक बाई थांबली.
काय हरवलाय का?
दूध, म्हटलं.
ती इतकी हसली की
कडेचे दोन-चार बगळे उडाले.

मे महिन्यात ऋजुता आली, पुण्याहून.
बाबा, या वयात पिशव्या कसल्या वाहताय?
फोनवर चार वेळा बोट फिरवलं, आणि
दुसऱ्या दिवशी पावणेसहाला
दूध दाराच्या कडीला लटकत होतं,
गारेगार.
मी एका पायात बूट घालून उभा.

चार दिवस गेलो नाही.
खोटं कशाला सांगू, चहा छान होत होता.

पाचव्या दिवशी पाय जागे झाले. मी नंतर.
लांडेच्या काउंटरपाशी उगाच थांबलो.
त्याने सवयीने पिशवी सरकवली,
मी सवयीने सुटे काढले,
मग दोघांनाही आठवलं.
असू दे, म्हणाला. उद्या?
उद्या, म्हटलं.

परत येताना बघितलं तर
उजवा हात अंगापासून जरा लांब,
अर्धा लिटर वजन धरल्यासारखा.

दार वैजयंतीनेच उघडलं.
रिकाम्या हाताकडे बघून म्हणाली,
मग, आज किती वाचले?
मी वाकून नाडी सोडत राहिलो.
गाठ खाडीच्या चिखलाने घट्ट झाली होती,
वेळ लागला.